थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि बाई कोसळल्या: पिट्युटरीचं एक प्रकरण

भांडुपच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत राहणाऱ्या, एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटणाऱ्या ४१ वर्षांच्या बाई जुलै २०२३ मध्ये आमच्या मेडिसिन वॉर्डात दाखल झाल्या. दोन दिवस जुलाब-उलट्या, आणि तिसऱ्या दिवशी हाक मारली तर डोळे उघडत, एवढीच शुद्ध. (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

पावसाळ्यात मुंबईत असा रुग्ण आला की डोक्यात पहिली नावं ठरलेली असतात: मलेरिया, डेंगी, लेप्टो, गॅस्ट्रो. त्या तपासण्या लगेच झाल्या, काही सापडलं नाही. रक्तदाब ८४/५० होता. बोटाला टोचून पाहिलेली साखर ४८. आणि नाडी ७४. हे आकडे एकमेकांत बसत नव्हते. जुलाबातून पाणी जाऊन रक्तदाब एवढा उतरला असेल, तर हृदय धावायला लागतं. नाडी ११०-१२० हवी. इथे ती घरी आरामात बसलेल्या माणसासारखी चालली होती. सलाइनच्या दोन बाटल्या गेल्या तरी वरचा रक्तदाब नव्वदी ओलांडेना. मग प्रयोगशाळेतून सोडियम आलं ११२. नेहमी ते १३५ ते १४५ असतं. पोटॅशियम मात्र ४.१, अगदी व्यवस्थित. हिमोग्लोबिन ९.२.

बरोबर थोरली बहीण होती आणि नववीतली मुलगी. मुलीने प्लास्टिकच्या पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून दिला. बरीच वर्षं जपून ठेवलेले कागद होते. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, ताकदीचं टॉनिक, मल्टिव्हिटॅमिन, आणि जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर तोच शब्द: अशक्तपणा. २०१८ सालच्या एका आरोग्य शिबिराचा अहवाल होता, त्यात टीएसएच (थायरॉइडच्या चाचणीत पाहिलं जाणारं एक संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन) ३.१, शेजारी ‘नॉर्मल’चा शिक्का. सगळ्यात वरचा कागद तीन आठवड्यांपूर्वीचा. या वेळी कुणीतरी टी-फोरही, म्हणजे थायरॉइड स्वतः बनवते ते थायरॉक्सिन, तपासायला सांगितलं होतं. ते २.९ आलं होतं. प्रयोगशाळेची खालची मर्यादा साधारण ५ असते. टीएसएच पुन्हा २.८, म्हणजे नॉर्मल. त्यावरून थायरॉक्सिन १०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली होती आणि बाई ती रोज पहाटे अनशापोटी न चुकता घेत होत्या. पहिले काही दिवस बरं वाटलं, मग मळमळ सुरू झाली, जेवण तुटलं, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. त्यात हे जुलाब.

## खाटेजवळ दिसलेलं

थायरॉइड मंद असलेल्या माणसाला थायरॉइडची गोळी दिल्यावर तो सुधारायला हवा. इथे उलटं झालं होतं. म्हणून मी बाईंना पुन्हा पहिल्यापासून तपासलं.

चेहरा पांढुरका, पण नुसत्या पंडुरोगाचा नव्हे. कातडी पातळ, डोळ्यांच्या कडांना आणि ओठांभोवती बारीक बारीक सुरकुत्यांचं जाळं. ४१ च्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या दिसत होत्या. भुवयांची बाहेरची टोकं विरळ. बगलेत एकही केस नाही. ‘काढते का ती?’ असं विचारल्यावर बहीण म्हणाली, ‘काढायला आहेत कुठे? कधीचेच गेले.’ टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली की पाऊल झटकन खाली जातं आणि तितक्याच झटकन परत येतं. यांचं पाऊल खाली गेलं आणि रेंगाळत, सावकाश वर आलं. थायरॉक्सिनच्या कमतरतेची ही इतकी बोलकी खूण आहे की ती एकदा पाहिलेला विद्यार्थी विसरत नाही. तीन आठवड्यांची गोळी ती पुसू शकली नव्हती.

मग मी बहिणीला विचारलं, ‘ताई, हिचं बाळंतपण कसं झालं होतं?’

‘पहिलंच बाळंतपण, माहेरी, राजापूरकडे,’ ती सांगू लागली. साल २००९, पावसाळा. ‘पोर झाली, पण वार पडेना. सुईणीने हात घातला, तुकड्यातुकड्यांनी निघाली. मग रक्त थांबेना डॉक्टर. गोधडी भिजली, खालची चटई भिजली. साकवावरून पाणी जात होतं. डोली करून पलीकडे नेली, पुढे जीप. तालुक्याला पोचेपर्यंत पांढरीफटक, बोलत नव्हती. दोन बाटल्या रक्त चढवलं.’

‘आणि दूध?’

‘थेंब नाही. शतावरी दिली, अळीव दिले, मेथीचे लाडू दिले. कशाने नाही आलं. हिला पहिल्यापासून वरचंच दूध,’ असं म्हणत तिने मुलीकडे बोट दाखवलं.

‘पाळी?’

‘ती काही परत आली नाही. आम्ही म्हटलं, अंगात रक्तच उरलं नाही तर येणार कुठून.’

निदान इथेच झालं. पुढच्या साऱ्या तपासण्या त्यावर शिक्का मारण्यासाठी होत्या.

## कवटीच्या तळाशी काय घडलं होतं

पिट्युटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथी, मेंदूच्या खाली हाडाच्या एका खळग्यात बसलेली असते. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. तिचा पुढचा भाग सहा प्रमुख संप्रेरकं तयार करतो. एक (टीएसएच) थायरॉइडला कामाला लावतं, एक मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, दोन अंडाशयांना. प्रोलॅक्टिन स्तनांत दूध आणतं आणि सहावं वाढीचं संप्रेरक. या भागावर वरून मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाचा अंमल चालतो आणि त्याचे रासायनिक निरोप एका खास रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून खाली उतरतात. पुढच्या भागाला मिळणारं रक्तही मुख्यतः याच जाळ्यातून येतं, आणि त्यातला दाब मुळातच कमी असतो.

गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशी वाढतात आणि ग्रंथी चांगलीच फुगते. खळगा मात्र तेवढाच राहतो आणि रक्तपुरवठाही त्या प्रमाणात वाढत नाही. अशा वेळी बाईचं रक्त धो धो गेलं, रक्तदाब कोसळला, की सर्वांत आधी उपाशी पडतो तो हा फुगलेला पुढचा भाग. काही तासांत त्याच्या पेशी मरतात. मागच्या भागाला धमन्यांचं रक्त थेट मिळतं, त्यामुळे तो बहुधा वाचतो. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत काम करणारे विकृतिशास्त्रज्ञ हॅरोल्ड शीहान यांनी बाळंतपणानंतर दगावलेल्या स्त्रियांच्या शवविच्छेदनातून हे १९३७ साली मांडलं. आजाराला त्यांचंच नाव आहे, शीहान सिंड्रोम.

श्रीमंत देशांत तो आता क्वचित दिसतो. आपल्याकडे तसं नाही. काश्मीर खोऱ्यातली एक पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात बाळंतपण झालेल्या, विशी ओलांडलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३ टक्क्यांमध्ये हा आजार आढळला होता, आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश जणींची बाळंतपणं घरी झालेली होती. मुंबईतल्या रुग्णालयांत बाळंतपणाची सोय आहे हे खरं, पण मुंबईत राहणाऱ्या किती तरी बायकांचं पहिलं बाळंतपण गावी झालेलं असतं. गावी झालेल्या रक्तस्रावाची नोंद मुंबईच्या केसपेपरवर कुठेच नसते. ती बहिणीच्या, आईच्या आठवणीत असते आणि विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

ज्या संप्रेरकाने हे टळू शकतं ते त्याच ग्रंथीच्या मागच्या भागातून सुटतं, हे मला नेहमी विलक्षण वाटतं. ऑक्सिटोसिन गर्भाशय आवळून धरतं आणि वार सुटल्यावर उघड्या राहिलेल्या रक्तवाहिन्या त्या आवळण्यानेच बंद होतात. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ते १९५३ साली प्रयोगशाळेत घडवलं आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मूल जन्मताच १० युनिटांचं एक इंजेक्शन, एवढाच तो उपाय.

## गोळीने घात का केला

बाईंच्या पिट्युटरीकडून अ‍ॅड्रिनलला येणारा हुकूम, म्हणजे एसीटीएच, जवळजवळ बंद झाला होता. त्यामुळे कॉर्टिसोल अगदी थोडं तयार होत होतं. कॉर्टिसोल रक्तवाहिन्यांना ताण धरायला लावतं, उपाशीपोटी साखर टिकवतं आणि आजारपणात शरीराला उभं ठेवतं. निरोगी माणसाला ताप, जुलाब, शस्त्रक्रिया, काहीही झालं की ते कित्येक पटींनी वाढतं. या बाई त्या थोड्याशा कॉर्टिसोलवर १४ वर्षं निभावत होत्या, कारण थायरॉइडही मंद होती. शरीराचा सगळा कारभारच धीम्या गतीचा, मागणी कमी, म्हणून तुटपुंजा पुरवठाही पुरत होता.

थायरॉक्सिनने ती गती वाढवली. शिवाय थायरॉक्सिन आलं की यकृत कॉर्टिसोलचा निचराही जलद करतं. मागणी वाढली, शिल्लक होतं ते लवकर संपू लागलं, आणि नवीन तयार करणारं कुणी नव्हतं. त्यावर जुलाबांचा घाव. म्हणून पिट्युटरीच्या रुग्णात आधी कॉर्टिसोल द्यायचं आणि मगच थायरॉक्सिन. हा क्रम उलटा झाला तर जिवावर बेततं.

शंका आल्याबरोबर कॉर्टिसोलसाठी रक्त काढून घेतलं आणि अहवालाची वाट न पाहता कॉर्टिसोलची जागा घेणारं स्टेरॉइड, हायड्रोकॉर्टिसोन, १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं, पुढे दर सहा तासांनी ५०. सोबत ग्लुकोज. थायरॉक्सिन तूर्त थांबवलं. सलाइनला न जुमानलेला रक्तदाब दोन तासांत १०४ वर आला. संध्याकाळी अहवाल मिळाला: कॉर्टिसोल १.२. एवढ्या धक्क्यात असलेल्या माणसाचं ते १८-२० च्या पुढे असायला हवं.

खरी कसरत त्यानंतर होती, आणि ती सोडियमची. कॉर्टिसोल नसलं की पाणी धरून ठेवणारं संप्रेरक, एडीएच, मोकाट सुटतं. मूत्रपिंड पाणी सोडत नाही आणि रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. कॉर्टिसोल मिळताच एडीएचला लगाम बसतो आणि साठलेलं पाणी भराभर बाहेर पडू लागतं. सोडियम आपोआप वर चढतं, तेही फार वेगाने. ऐकायला हे चांगलं वाटतं, पण इतके दिवस कमी सोडियमला सरावलेला मेंदू अशी उडी सहन करत नाही. मेंदूच्या देठातल्या मज्जातंतूंवरचं आवरण उकलू शकतं आणि वाचलेला रुग्ण कायमचा लुळा पडू शकतो. चोवीस तासांत ८ च्या वर चढू द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. सहा तासांतच ते ११८ झालं आणि लघवी तासाला ४०० मिलिलिटर होऊ लागली. सलाइन बंद करून ५ टक्के डेक्स्ट्रोज लावलं, दर चार तासांनी रक्त, दर तासाला लघवीचं माप. रात्रपाळीच्या सिस्टरांनी ती मापं ज्या काटेकोरपणे लिहिली, त्यावर त्या बाईंचे हातपाय वाचले असं मी म्हणेन. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सोडियम १२० होतं. तिसऱ्या दिवशी बाई उठून बसल्या आणि त्यांनी पेज मागितली.

## नॉर्मल टीएसएच

टीएसएच थायरॉइडचं नसतं, ते पिट्युटरीचं असतं. थायरॉइड आळसावली की पिट्युटरी टीएसएच वाढवते, म्हणून वाढलेलं टीएसएच हे थायरॉइडच्या दुखण्याचं लक्षण. हा हिशेब पिट्युटरी शाबूत असेल तरच जुळतो. गोदीत मुकादमाची आरडाओरड ऐकू येत नाही म्हणून काम नीट चाललं आहे असं धरायचं, आणि मुकादमच जागेवर नसायचा, तसं हे होतं. पिट्युटरी जायबंदी असली तर टीएसएच कमी येतं, नॉर्मल येतं, कधी किंचित जास्तही येतं. जे तयार होतं त्याची ताकदही कमी असते. अशा वेळी खरी स्थिती फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन, सांगतं.

मुंबईत गल्लोगल्ली ‘फुल बॉडी चेकअप’ मिळतं आणि त्यात थायरॉइडच्या नावाखाली बहुधा एकटं टीएसएच असतं. सरसकट चाळणीसाठी ते पुरेसं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण समोर मे महिन्यात पंखा बंद करायला सांगणारी, आवाज घोगरा झालेली, तिशीच्या आत पाळी गेलेली बाई बसलेली असताना त्या एका आकड्यावर विसंबणं मला पटत नाही. २००९ ते २०२३ या काळात या बाईंना ज्यांनी ज्यांनी तपासलं, त्यांच्यातल्या एकाही कागदावर ‘पाळी’ हा शब्द नाही. बायकांच्या थकव्याला आपण इतके सरावलो आहोत की त्याचं कारण शोधावं असं कुणाला वाटत नाही, आणि याचा मला राग येतो.

बाकीच्या तपासण्यांनी चित्र पूर्ण केलं. प्रोलॅक्टिन १.८, म्हणजे नगण्य. दूध न येण्याचं उत्तर तिथे होतं. पाळी लवकर जाण्याचं कारण अंडाशय संपणं हे असतं तर अंडाशयांना हुकूम देणारं पिट्युटरीचं संप्रेरक, एफएसएच, खूप वाढलेलं दिसलं असतं, ते २.१ निघालं. अंडाशय ठीक होते, त्यांना हुकूम द्यायला कुणी नव्हतं. बगलेतले केस अ‍ॅड्रिनल आणि अंडाशयाच्या पुरुषी संप्रेरकांवर वाढतात, म्हणून ते गेले. एमआरआयमध्ये हाडाचा खळगा जवळजवळ रिकामा, तळाशी ग्रंथीचा पातळ पापुद्रा.

आणि जे बिघडलं नव्हतं, तेही तितकंच बोलकं होतं. पोटॅशियम नॉर्मल, कारण ते सांभाळणारं अ‍ॅड्रिनलचं दुसरं संप्रेरक, अल्डोस्टेरॉन, मुख्यतः मूत्रपिंडाच्या रेनिनचं ऐकतं, पिट्युटरीचं नव्हे. अ‍ॅड्रिनल ग्रंथीच क्षयाने किंवा इतर कारणाने नष्ट झाली असती, तर पोटॅशियम चढलं असतं आणि वाढलेल्या एसीटीएचमुळे कातडी, हिरड्या, तळहाताच्या रेषा काळवंडल्या असत्या. यांची कातडी उलट फिकट होती. कॅल्शियम नॉर्मल, कारण पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तातलं कॅल्शियम स्वतःच जोखतात. स्वादुपिंडाचं इन्सुलिनही शाबूत; साखर उतरली ती इन्सुलिनला आवर घालणारं कॉर्टिसोल आणि वाढीचं संप्रेरक, दोन्ही नसल्यामुळे.

## पुढचं आयुष्य

घरी जाताना हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला २० मिलिग्रॅम ठरलं: सकाळी उठल्याबरोबर १०, दुपारी ५, संध्याकाळी ५. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोलही पहाटे सर्वाधिक असतं आणि दिवसभर उतरत जातं, त्याची ही नक्कल. थायरॉक्सिन आठवड्याभरानंतर २५ पासून पुन्हा सुरू केलं आणि हळूहळू वाढवलं. त्याची मात्रा आता फ्री टी-फोर पाहून ठरते. टीएसएच या रुग्णात निरुपयोगी आहे, हे डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहिलं, नाहीतर पुढचा कुणी डॉक्टर ते कमी आलेलं पाहून गोळी घटवेल. परळच्या केईएम रुग्णालयात एंडोक्रायनॉलॉजीचा, म्हणजे संप्रेरकांच्या आजारांचा, स्वतंत्र विभाग आहे; पुढची देखरेख तिथे सोपवली. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनचा प्रश्न बाईंना अवघड वाटला. ‘आता या वयात पाळी कशाला परत?’ असं त्यांनी विचारलं. १४ वर्षं इस्ट्रोजेनविना राहिलेल्या हाडांचं काय होतं ते मी त्यांना समजावलं, घनतेची तपासणी दाखवली. मणक्यांत ठिसूळपणा सुरू झालेला होता. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि होकार दिला.

सर्वांत जास्त वेळ आम्ही घालवला तो ‘आजारपणाच्या नियमां’वर. ताप आला तर स्टेरॉइडची गोळी दुप्पट किंवा तिप्पट. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर घरी थांबायचं नाही, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन घ्यायचं. दात काढायचा असला तरी आधी सांगायचं. स्टेरॉइड म्हटलं की शेजारपाजारचे लोक घाबरवतात, गोळी सोडायला सांगतात. म्हणून बहिणीला आणि मुलीलाही समोर बसवलं आणि सांगितलं की ही गोळी जास्तीची नाही, इतरांच्या अंगात जे आपसूक तयार होतं तेच ही तोंडाने घेते. मुलीने वहीच्या पानावर तिन्ही वेळा लिहून भिंतीला लावायचं कबूल केलं.

उपासांचा विषय बाईंनीच काढला. वटपौर्णिमा, हरितालिका, श्रावणी सोमवार. फराळ करून गोळ्या वेळेवर घेतल्या तर श्रावणी सोमवार चालेल, निर्जळी हरितालिका नाही, असं ठरलं. हे ऐकून त्या थोड्या हिरमुसल्या, पण बहीण म्हणाली, ‘तुझा मी धरीन.’

ऑगस्टअखेरच्या भेटीत चेहऱ्यावरची सूज उतरलेली होती, रक्तदाब ११२/७०, हिमोग्लोबिन १०.६. लोहाची एकही गोळी न देता ते वाढत होतं, कारण थायरॉक्सिन आणि कॉर्टिसोल मिळाल्यावर अस्थिमज्जा पुन्हा कामाला लागली होती. पोळ्या लाटायला त्या अर्धा दिवस जाऊ लागल्या होत्या. गणपतीला राजापूरला जायचं होतं. त्यासाठी एक महिन्याच्या गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत, हायड्रोकॉर्टिसोनची एक कुपी सुई-सिरिंजसकट, आणि मराठीत लिहिलेलं कार्ड, असं सामान तयार केलं. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांशी मी फोनवर बोललो. त्यांनी कार्डाचा फोटो मागवून घेतला आणि विचारलं, ‘आमच्या भागातल्या अशा आणखी बायका असतील तर विचारायचं काय काय?’ मी सांगितलं: बाळंतपणात खूप अंगावरून गेलं होतं का, दूध आलं होतं का, पाळी परत आली का.